काळा कोट आणि खडू

नांदेडच्या आमच्या उर्दू शाळेत दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मुझे वकील बनना है. अब्बा बोलते, टीचर बन."

मी म्हणालो, "दोन्ही बन." वर्ग हसला. मग मी फळ्यावर दोन नावे लिहिली.

बॅरिस्टर आंबेडकर १९२३ पासून मुंबईत वकिली करीत. १९३५ ते १९३८ ते तिथल्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्याच खुर्चीवर १९३८ साली आले बॅरिस्टर आसफ अली असगर फैजी. तेही हायकोर्टातले वकील. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे १९४९ चे पुस्तक अजून वाचले जाते. कोर्टातले प्रश्न वर्गात आले, वर्गातला विचार कोर्टात गेला.

आज पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. पण वकिलाला रोज तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. म्हणजे वाट अरुंद आहे, बंद नाही.

शनिवारी एसटीने लातूरला घरी निघालो. मलाही वकील व्हायचे होते. अब्बा म्हणाले होते, "बी.एड. कर, नोकरी लागेल." लागली. तक्रार नाही, पण त्या वेळी अब्बांशी बोलायला कुणी आले नव्हते.

सोमवारी मी त्या मुलीच्या घरी जाणार आहे.