नवसाची थकबाकी

मुदत ठेवीची पावती घेऊन काउंटरवर येणारा माणूस आणि गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग पाहायला जाणारा माणूस, यांच्यात मला आजवर फारसा फरक आढळलेला नाही. एकाने पैसे ठेवलेले असतात, दुसऱ्याने हसू. दोघांनीही मधल्या वर्षांत ते दामदुप्पट झाले असणार असा मनाशी हिशेब करून टाकलेला असतो आणि प्रत्यक्ष रक्कम हातात पडली की दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघतो, "एवढेच?" बँकेत बावीस वर्षे मी हा शब्द ऐकत आलो आहे. त्यावर काय करायचे तेही मला पाठ आहे. मान खाली घालून कंप्यूटरकडे बघत बसायचे. पण २० सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी हा शब्द कानावर पडला तेव्हा मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या रांगेत होतो, आणि बघायला समोर कंप्यूटरही नव्हता.

सिनेमा होता 'नवरा माझा नवसाचा २'. पहिला आला होता २००४ साली. म्हणजे मधे वीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांत आमच्या शाखेचे तीनदा रंगकाम झाले, दोनदा नोटा बदलल्या आणि माझ्या डोक्यावरचे केस अर्ध्यावर आले. (मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण मात्र २०२४ सालीही चालूच होते. दुसऱ्या भागात सगळी मंडळी एसटी सोडून कोकण रेल्वेने का निघाली, याचे कारण मला तरी हेच दिसते.)

पहिला भाग न पाहिलेला मराठी माणूस सापडणे कठीण, तरी एखादा चुकून असेलच तर त्याच्यासाठी सांगतो. सचिन पिळगावकर आणि सुप्रिया हे पडद्यावरही नवरा-बायको. नवऱ्याच्या नावाने वडिलांनी एक भलताच नवस बोलून ठेवलेला, पोराला गणपतीपुळ्याला देवापुढे नागवा आणीन म्हणून. तो पोर मोठा होऊन संसाराला लागला तरी नवस तसाच. बायको देवभोळी. मग दोघे एसटीने निघतात आणि त्या एसटीत जे जे होते तो सिनेमा. गाडीचा कंडक्टर अशोक सराफ.

आता हा कंडक्टर म्हणजे आमच्या घरातला नाजूक विषय. अशोक सराफ बरीच वर्षे स्टेट बँकेत नोकरीला होते, म्हणून मी त्यांना आमचा माणूस समजतो. आमचे वडील, अण्णा, चौतीस वर्षे एसटीत कंडक्टर होते, म्हणून ते त्यांना आपला माणूस समजतात. २००४ साली आम्ही सगळे थिएटरात गेलो तेव्हा अण्णांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. सगळे थिएटर पोट धरून हसत होते आणि अण्णा खुर्चीच्या टोकावर बसून त्या कंडक्टरची तपासणी करीत होते. बेल कधी दिली, पुढचे दार लागले की नाही, उभे प्रवासी किती. मध्यंतरात त्यांनी शेरा दिला, "माणूस चांगला आहे. पण वेबिल लिहिताना एकदाही दिसला नाही."

आईचे लक्ष मात्र कंडक्टरकडे नव्हते. तिचे लक्ष नवसाकडे होते. कारण एक नवस तिनेही बोलला होता. मी बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षेत लागोपाठ दोनदा आपटलो तेव्हा तिने गणपतीपुळ्याच्या गणपतीला सांगितले होते, की पोराला बँकेत चिकटव, सगळ्यांना घेऊन दर्शनाला येईन आणि येईन ती एसटीनेच. ज्या एसटीने आपल्याला पोसले तिच्यातूनच जायचे, हे तिचे कलम होते. तिसऱ्या खेपेला मी चिकटलो. देवाने आपली बाजू चोख पार पाडली. अडले ते एसटीपाशी. अण्णा म्हणाले, "चौतीस वर्षं त्या गाडीत उभा राहिलोय. आता बसून जायचं म्हटलं तरी पाय दुखतात. टॅक्सी कर, आज निघतो." आई म्हणाली, "टॅक्सीचा नवस नाही बोलले मी."

तर २००४ साली अंधारात, पडद्यावर नवसाची गोष्ट निघाल्याबरोबर आईने अण्णांना कोपराने ढोसले आणि म्हणाली, "ऐकलंत का?"

अण्णा म्हणाले, "ती तिकिटाची पेटी बघ. अशी धरतात का कुणी?"

पुढे हा सिनेमा टीव्हीवर लागू लागला. गणपतीत लागे, दिवाळीत लागे, रविवारी दुपारी लागे. लागला की आमच्या घरी तोच प्रयोग. आई म्हणे, "ऐकलंत का?" आणि अण्णा त्या बिचाऱ्या कंडक्टरची नवी चूक काढीत. बाकीच्या महाराष्ट्राला तो विनोदी सिनेमा होता. आमच्याकडे ती थकबाकीची नोटीस होती. बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही ते खाते अनुत्पादक ठरवतो. हे खाते सतरा वर्षे थकले आणि २०१९ साली आई गेली. त्यानंतर सिनेमा टीव्हीवर लागला की अण्णा काही न बोलता रिमोट उचलत आणि बातम्या लावीत.

दुसरा भाग येणार म्हटल्यावर आमच्या शाखेत मतमोजणी सुरू झाली, सिनेमा यायच्या आधीच. कॅशियर म्हणाला, "पहिल्याची सर येणार नाही." लोन विभागातल्या बाई म्हणाल्या, "मी तर बघणारच नाही. आठवण खराब होते." (त्या पहिल्याच आठवड्यात दोनदा जाऊन आल्या.) शिपाई म्हणाला, "अशोकमामा आहेत ना? मग बास." माझे चिरंजीव वय वर्षे सतरा. त्यांनी पहिला भाग फोनवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत पाहिलेला आहे आणि तेवढ्यावर संपूर्ण सिनेमा पाहिल्याचा त्यांचा दावा आहे. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या जनरेशनला नॉस्टॅल्जियाचा प्रॉब्लेम आहे." मी म्हटले, "आमच्या पिढीला घराच्या हप्त्याचा प्रॉब्लेम आहे. हे दुसरं बाहेरून आलंय."

घरात मात्र कुणी विषय काढीना. शेवटी सौ.नेच काढला. "अहो, शुक्रवारी राष्ट्रीय चित्रपट दिन आहे. तिकीट नव्व्याण्णव रुपये."

नव्व्याण्णव रुपये म्हटल्यावर माझ्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर जागा झाला. पण लगेच दुसरी शंका आली. नुकताच मंगळवारी गणपती गेला होता आणि पितृपक्ष लागला होता. म्हटले, "पक्षपंधरवड्यात सिनेमा?" त्यावर आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. अण्णांना ऐकू कमी येते, पण त्यांना ऐकू येऊ नये असे आपण जे बोलतो ते बरोबर येते. ते म्हणाले, "तिची तिथी नवमीला आहे. अजून सहा दिवस आहेत. तिकिटं काढ."

तिकिटे चार, तीनशे शहाण्णव रुपये. मध्यंतरात पॉपकॉर्न, समोसे आणि पाणी यांचे झाले साडेआठशे. वाचवलेला पैसा कुठे जातो याचा शोध लावणाऱ्याला अर्थशास्त्राचे पारितोषिक द्यायला हवे.

थिएटर गच्च भरले होते. माझ्या पुढच्या रांगेत साठीच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या होत्या आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत त्यांनी तिला पहिल्या एसटीतले सगळे प्रवासी बसल्या जागांसकट सांगून टाकले. त्यांतले कोण कोण आता या जगात नाही तेही सांगितले. त्या नव्या मुलीला कोण रडते आहे आणि कशासाठी, हेच कळेना. तिला कुणीतरी हसायचे म्हणून आणले होते.

मग पडद्यावर अशोक सराफ आले आणि थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या. ते काही बोलायच्या आतच लोक हसू लागले. हे हसू आजचे नव्हते. वीस वर्षांपूर्वीचे होते, व्याजासकट बाहेर पडत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस नुसता उभा राहतो आणि चारशे लोक हसतात, याला काय म्हणायचे? आम्ही बँकेत याला पत म्हणतो.

या खेपेला ते रेल्वेचे टीसी होते. काळा कोट बघून अण्णांनी मला जोरात विचारले, "हा रेल्वेत कधी गेला?"

मी कानाशी लागून सांगितले, "अण्णा, ही वेगळी गोष्ट आहे."

"एसटी सोडली त्याने?"

"अहो, सिनेमा आहे."

"बरोबर आहे. तिकडे पगार जास्त," अण्णा म्हणाले. त्या वाक्याला तीन रांगा हसल्या. पडद्यावरच्या दोन विनोदांना तेवढे हसू पडले नव्हते. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजोबा, चालू द्या."

मध्यंतरात बाहेर आलो तर "एवढेच?" सुरू झाले होते. निम्मा सिनेमा बाकी असताना लोकांनी निकाल लावूनही टाकला होता. "तो बसचा मजा नाही हो." "गाणी बरी आहेत." "स्वप्नील जोशी आणि ती हेमल इंगळे, तरुण जोडी ठीक आहे, पण आपली जोडी ती आपली जोडी." एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "पहिला बघताना आपण किती हसलो होतो!" बायको म्हणाली, "पहिला तुम्ही मित्रांबरोबर बघितलात. मी माहेरी होते." गृहस्थ समोसा आणायला गेले.

माझे मत विचाराल तर दुसरा भाग वाईट मुळीच नव्हता. काही ठिकाणी चांगला हसलो, काही ठिकाणी घड्याळ पाहिले. पण वीस वर्षे मनात ठेवून दिलेल्या सिनेमाशी दुसऱ्या कुठल्याही सिनेमाने कशी टक्कर द्यावी? पहिल्याचे कंटाळवाणे तुकडे आपण केव्हाच विसरून गेलेलो असतो आणि दुसऱ्याचे तर आत्ताच समोर चालू असतात.

मध्यंतरानंतर केव्हातरी पुन्हा नवसाची आणि गणपतीपुळ्याची गोष्ट निघाली. माझे लक्ष पडद्याकडे होते. अण्णा माझ्या उजवीकडे बसले होते आणि त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत एक कॉलेजकुमार चिप्स खात होता. माझ्या लक्षात आले की अण्णा किंचित त्या बाजूला कलले आहेत, जसा माणूस कोपर बसणार हे माहीत असल्यावर आधीच सावरून बसतो तसे. चिप्स खाणारा हात थांबला. मुलगा म्हणाला, "काय आजोबा? काही हवंय?"

"नाही," अण्णा म्हणाले. "ऐकलं."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहिले. लोक हसत होते, मीही थोडा उशिराने हसलो.

सिनेमा सुटल्यावर चिरंजीव म्हणाले, "ठीक होता." सतरा वर्षांच्या मुलाचे 'ठीक' म्हणजे भरघोस पसंतीच, पण ते कबूल करायचे नसते. सौ. डोळे पुसत म्हणाली, "मला आवडला बाई. सगळे पुन्हा भेटले." मी अण्णांना विचारले, "कसा वाटला?"

अण्णा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. म्हणाले, "रत्नागिरीची गाडी ठाण्याहून हल्ली किती वाजता सुटते?"

दिवाळी झाल्यावर चार दिवसांची रजा टाकली. शाखाधिकाऱ्यांनी कारण विचारले. म्हटले, "जुन्या खात्याची वसुली आहे." चिरंजीवांनी रेल्वेने जाण्याचे फायदे मोबाइलवर दाखवले. अण्णांनी चष्मा लावून ते नीट पाहिले आणि म्हणाले, "२००४ सालीही रेल्वे होती. सहा वर्षं झाली होती तिला सुरू होऊन. तरी ते लोक एसटीनेच गेले." यावर नव्या पिढीकडे उत्तर नव्हते.

आईचा एक छोटा फोटो सौ.ने पर्समध्ये घेतला होता. अण्णा खिडकीशी बसले. पाय दुखतात का विचारले तर, "बसलेल्या माणसाचे पाय कशाला दुखतील?" म्हणाले.

गाडी सुटल्यावर कंडक्टर आला, माझ्या चिरंजीवांपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा. हातात यंत्र. सौ.चे अर्धे तिकीट काढले. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. अण्णांना आधार कार्ड विचारले. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, हे अण्णांना पेपरात वाचून माहीत होते, पण चौतीस वर्षांत ज्याने सख्ख्या मेव्हण्यालाही बिनतिकिटाचे बसू दिले नाही, त्याला ते पटलेले नव्हते.

"मला तिकीट पाहिजे," अण्णा म्हणाले.

"देतो ना आजोबा," पोरगा म्हणाला आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून त्याने अण्णांच्या हातात दिले. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले, दोनदा घडी घातली आणि सौ.कडे देऊन म्हणाले, "तिच्या फोटोशेजारी ठेव."

मग सीटवर मागे टेकले, थोडा वेळ त्या पोराकडे बघत राहिले आणि माझ्या कानाशी येऊन, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणाले,

"पोरगा बरा आहे. पण बेल उशिरा दिली."