आगाशिवाच्या डोंगरावरून

कराडहून कोल्हापुराकडे निघालें कीं लगेच मलकापूर लागतें. पूर्वीं या दोन गांवांमध्यें शेतें होतीं. आतां हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस घरांची व दुकानांची इतकी दाटी झाली आहे कीं एक कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें नवख्यास कळूं नये. वाचकांपैकीं ज्यांनीं मलकापुराचें नांव ऐकिलें असेल, त्यांनीं तें बहुधा पाण्यामुळें ऐकिलें असेल. चोवीस तास पाणी देणारें गांव अशी त्याची ख्याति आहे. मात्र नळास मीटर आहे. जेवढें घ्यावें तेवढ्याचे पैसे मोजावे, आणि तोटी आपल्या हातीं ठेवावी.

गेल्या नाताळांत आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड कॅनडांतून चार आठवडे घरीं आलें होतें. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा. मराठी अडखळत वाचतो, पण बोलतो अस्खलित. एके दिवशीं पहाटे त्याला घेऊन मी आगाशिवाचा डोंगर चढलों. वाटेंत दगडांत कोरलेल्या खोल्या लागतात. बौद्ध भिक्षूंचीं हीं लेणीं साठांहून अधिक असून सुमारें दोन हजार वर्षांचीं आहेत. अजिंठ्याची शोभा येथें नाहीं. बहुतेक ठिकाणीं एक दार, एक दगडी ओटा, एवढाच काय तो संसार.

माथ्यावर पोहोंचलों तेव्हां धुकें विरत होतें. खालीं कोयना व कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम दिसूं लागला. बराच वेळ पाहून झाल्यावर मुलानें विचारलें, "आजोबा, आमच्या वर्गांत एका गोष्टीवरून दोन तट पडले आहेत. तुम्ही काय म्हणाल?"

गोष्ट अशी. २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनीं शत्रूचीं क्षेपणास्त्रें आकाशांतच अडविणाऱ्या ‘गोल्डन डोम’ नांवाच्या कवचाची योजना जाहीर केली. कॅनडास त्यांनीं कळविलें कीं, निराळा देश राहून कवचाखालीं यावयाचें तर ६१ अब्ज डॉलर पडतील; अमेरिकेचें ५१ वें राज्य झालांत तर एक पैसाही नको.

"राज्य व्हावें असें आमच्यांपैकीं कोणीच म्हणत नाहीं," मुलगा म्हणाला. "पण क्षेपणास्त्र आलें तर आमच्या डोक्यावरूनच जाणार. मग बलाढ्य शेजारी रक्षण करतों म्हणतो, तें घेण्यांत वाईट काय?"

प्रश्न रास्त होता, आणि माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतें. मीं त्याला खालचा मुलूख दाखविला. म्हटलें, "हें सगळें एकदां अशाच कवचाखालीं गेलें होतें."

१८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पळून वसईस गेला आणि ३१ डिसेंबरला त्यानें इंग्रजांशीं तह केला. सहा हजारांची तैनाती फौज मिळाली. तिच्या खर्चास २६ लक्षांचा मुलूख तोडून द्यावा लागला. गादी परत मिळाली, पण इतर सत्तांशीं स्वतंत्रपणें बोलण्याचा हक्क गेला. सोळा वर्षांनीं पेशवाईच बुडाली.

त्यानंतर इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस साताऱ्यास गादीवर बसविलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें नीरेपासून वारणेपर्यंतचा मुलूख त्यांस मिळाला, कराड-मलकापूर त्यांतलेंच. रक्षणाची जबाबदारी इंग्रजांची. अटी अशा कीं, इंग्रजांच्या संमतीवांचून फौज वाढवूं अगर घटवूं नये, आणि रेसिडेंटाच्या हातूनच्या वांचून बाहेरच्या कोणाशीं पत्रव्यवहार ठेवूं नये.

पहिली कांहीं वर्षें बरीं गेलीं. लढाया थांबल्या, रस्ते झाले, शाळा निघाल्या. हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुढें महाराजांवर आरोप आला तो पत्रांचाच. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं त्यांनीं गुप्त संधान बांधलें, असें इंग्रजांचें म्हणणें होतें. दोष कबूल करून सही द्या, गादी राहील, असें त्यांस सांगण्यांत आलें. महाराजांनीं सही दिली नाहीं. १८३९ च्या सप्टेंबरांत त्यांस पदच्युत करून काशीस धाडलें. १८४७ सालीं तेथेंच ते वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षें लंडनांत अर्ज करीत राहिले. उपयोग झाला नाहीं. गादीवर बसविलेले धाकटे बंधु शहाजी १८४८ त वारले, त्यांनीं मृत्युसमयीं घेतलेलें दत्तक डलहौसीनें नाकारलें, आणि राज्य खालसा केलें.

मुलगा म्हणाला, "पण आम्ही कांहीं सातारा नव्हे. आमची स्वतःची पार्लमेंट आहे. १९५८ पासून अमेरिकेबरोबर आम्ही आकाशावर पहारा ठेवतों. तरी २००५ सालीं त्यांच्या क्षेपणास्त्रविरोधी योजनेंत येत नाहीं असें आम्हीं सांगितलें, आणि मैत्री तुटली नाहीं."

"हेंच तुझ्या प्रश्नाचें उत्तर," मीं म्हटलें. "ज्यास ‘नको’ म्हणतां येतें त्यानें खुशाल मदत घ्यावी." मग त्याला संगमाकाठची यशवंतराव चव्हाणांची समाधि कोणत्या बाजूस तें दाखविलें. चीनशीं युद्ध झालें तेव्हां, १९६२ च्या नोव्हेंबरांत, ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्या संकटांत भारतानें अमेरिका व इंग्लंड यांजकडून शस्त्रें घेतलीं, परंतु कोणाच्या लष्करी गटांत नांव घातलें नाहीं. दुर्बळानें मदत मागूं नये असें नाहीं. दुसऱ्यास पत्र लिहावयाचें झाल्यास उद्यां रक्षणकर्त्याची परवानगी लागेल काय, एवढें मात्र आधीं पाहावें. खर्चाचा आंकडा त्यानंतर.

उतरतांना तो गप्प होता. घरीं येऊन त्यानें तोटी सोडून तोंड धुतलें, पाणी प्यालें, आणि मग एकदम विचारलें, "आजोबा, महाराजांनीं त्या पत्रांत लिहिलें तरी काय होतें?"

मीं सांगितलें, "तीं पत्रें आपलीं नव्हेतच, असें ते अखेरपर्यंत सांगत होते."