काथ्याची नाव, कामट्यांची जाळी

केरळात आलप्पुळाला गेलात तर कुट्टनाडची भातखाचरे पाहाच. बरीचशी समुद्रसपाटीखाली, बांध घालून पाणी उपसावे लागते. तिथली केट्टुवल्लम नाव काथ्याने फळ्या शिवून बांधतात. पूर्वी ती भात वाही, आता प्रवासी वाहते. सांजेला नाव काठाला लागून दिवा पेटला, की खाचरांतले किडे-डास खिडकीतून आत शिरतात.

उपाय घरचाच. खिडकीच्या मापाची कामट्यांची चौकट बांधा. जुन्या मच्छरदाणीचा धड तुकडा चार बोटे मोठा कापून तिच्यावर ताणून शिवा. कडेला चिंधी गुंडाळा, म्हणजे फट राहणार नाही. खिळा नको, खर्च सुतळीपुरता. आपल्या घरीही करा. मात्र दिवसा काढू नका, डेंगीचा डास मुख्यतः दिवसा चावतो.