शाळेच्या कॅमेऱ्याची निवड

आमच्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या निसर्ग मंडळास एक कॅमेरा भेट द्यावा असे ठरले, आणि मी हौशी छायाचित्रकार असल्याने निवडीचे काम माझ्याकडे आले. जमलेल्या रकमेत एस.टी.च्या वाहकाचे पैसे होते, अंगणवाडी सेविकेचे होते, गिरणारे भागात टोमॅटो पिकविणाऱ्या मित्राचेही होते. स्वतःसाठी कॅमेरा घेताना हौसेला मोल नसते. येथे तशी मुभा नव्हती. आपल्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे ठेवावीत, मुद्दल न मोडता व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागवावा, असा चोख हिशेब त्यात कोरलेला आहे. दानाच्या पैशाची ती शिस्त माझ्या डोळ्यांपुढे होती.

पहिला वाद आरशाचा झाला. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत येतो आणि छायाचित्र घेताना आरसा उचलला जातो. २००८ मध्ये पॅनासोनिकने जी-१ हा आरसाविरहित कॅमेरा आणला, आणि पुढे सारा बाजारच त्या वाटेने गेला. आमच्यातील एकाचे म्हणणे असे की, वापरलेला डीएसएलआर निम्म्या पैशांत मिळतो, मग मुलांसाठी तोच का नको? प्रश्न रास्त होता. तथापि मिररलेस कॅमेऱ्याच्या दर्शकात छायाचित्र जसे उमटणार तसेच आधी दिसते. उजेड वाढविला की चित्र उजळते, शटरचा वेग वाढविला की अंधारते. आठवीतल्या मुलाला हे समजावण्यास फळ्यावरचे तीन तास पुरणार नाहीत. या एका कारणासाठी मी आरशाचा मोह सोडला.

त्यानंतरचा प्रश्न कोणती बॉडी घ्यावी हा नव्हता. मुले कोठे उभी राहणार आणि समोरचा प्राणी किती दूर असणार, हे आधी ठरवावयाचे होते. आपले निसर्ग मंडळ प्रामुख्याने निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या जलाशयाला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक, चमचे, चित्रबलाक दिसतात. पण दिसतात ते दूर. तेथे चारशे मिलिमीटरचे भिंगही तोकडे पडते. येवल्याच्या ममदापुरात काळविटांचीही तीच तऱ्हा. माळ उघडा, आणि कळप माणसाची चाहूल लागताच पांगणारा.

म्हणून मी आधी भिंगे पाहिली आणि त्यांना शोभेल अशी बॉडी नंतर शोधली. दोन जोड्या उरल्या. एक निकॉन झेड ८ आणि १८०-६०० मिमी भिंग. दुसरी कॅनन आर ७ आणि १००-४०० मिमी भिंग. आर ७ चा सेन्सर लहान असल्याने दृश्य १.६ पटींनी आवळले जाते, म्हणजे ४०० मिमीचे भिंग ६४० मिमीसारखे काम करते. पल्ला जवळपास सारखाच. वजन मात्र पहिल्या जोडीचे तीन किलोंच्या पुढे, दुसरीचे सव्वा किलो. किमतीत तर दुप्पटीहून अधिक अंतर. तेरा वर्षांच्या मुलीने मनोऱ्यावर तासभर हाती धरावयाची वस्तू सव्वा किलोचीच असावी, असे माझे ठाम मत झाले. तिपाई आहे हे खरे. पण उडत्या भोवत्याच्या मागे तिपाई धावत नाही.

स्वस्त जोडीच्या उणिवाही मी मित्रांपुढे ठेवल्या. चारशेच्या टोकाला त्या भिंगाचे छिद्र एफ ८ इतकेच उघडते. डिसेंबरातील धुक्याच्या सकाळी आयएसओ चढवावा लागतो आणि चित्रात रवाळपणा येतो. भिंगाला पावसापासून संरक्षण नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेन्सर संथ गतीने वाचला जातो. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर वेगाने हलणारे पंख चित्रात वाकडे उमटू शकतात. झेड ८ चा सेन्सर इतका जलद आहे की त्यात यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. आर ७ मध्ये ते आहे, सेकंदाला १५ चित्रे घेते, आणि पंख सरळ राहतात. तेव्हा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबून सूर मारतो त्या वेळी यांत्रिक शटर, आणि निवांत बसलेल्या पक्ष्यासाठी निःशब्द शटर, एवढे मुलांना शिकविले की भागते. पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर नेम धरण्याचे काम कॅमेरा स्वतः करतो. या सोयीमुळे मुले आळशी होतील, अशी एका सरांनी भीती व्यक्त केली. मला उलट वाटते. नेम साधण्याची धडपड संपली की मूल पक्षी काय करतो आहे ते पाहू लागते.

निसर्गदृश्यांचा विचार मी फार केला नाही. ब्रह्मगिरी वा अंजनेरी जागचे हलत नाहीत. तिपाई, पहाटेची वेळ आणि संयम असला की आजची कोणतीही बॉडी पुरते. आपल्याकडील अडचण निराळी आहे. बहुला किल्ला वसतिगृहात असताना आपण दुरूनच पाहिला, कारण तो तोफखान्याच्या सराव क्षेत्रात आहे. छावणीच्या हद्दीत लांब भिंग घेऊन हिंडणाऱ्या मुलांना कोणीही हटकेल, आणि ते योग्यच आहे. लष्करी जागेकडे कॅमेरा रोखावयाचा नाही, हा नियम कॅमेऱ्याच्या पेटीवरच चिकटविला आहे.

आर ७ ची जोडी घेतल्यावर जी रक्कम उरली, तीतून एक तिपाई, दोन जादा बॅटऱ्या आणि भिंगावर घालावयाचे पावसाळी आवरण घेतले. पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगाला बुरशी लागते, म्हणून एक हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्याही घेतल्या. नोंदवही प्रयोगशाळेत आहे. कॅमेरा नेणाऱ्याने तीत परत केल्याची वेळही लिहावी.