लांब पल्ल्याचा घोडा

नलोपाख्यान शिकवितांना एका ठिकाणीं वर्गांतील एखादा चौकस मुलगा हटकून हात वर करी. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याला एका दिवसांत विदर्भांत पोहोंचावयाचें असतें. बाहुकाच्या वेषांतील नल पागेंत जातो आणि अंगानें कृश असेच घोडे निवडतो. राजाला तें रुचत नाहीं. असल्या रोड घोड्यांनीं एवढा पल्ला कसा गांठावा, असें तो विचारतो. मुलांचा प्रश्नही तोच असे. त्यावर मूळांतील लक्षणें मी समजावून सांगें: सिंधुदेशांत जन्म, रुंद नाकपुड्या, मोठी हनुवटी, आणि कृश असूनही मार्ग आक्रमण्याचें सामर्थ्य. परंतु लक्षण सांगणें निराळें आणि त्याचा प्रत्यय येणें निराळें. तो प्रत्यय मला सेवानिवृत्तीनंतर फार दूर, अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत आला. माझा मुलगा तेथें नोकरीस आहे, आणि लागोपाठ दोन वर्षें उन्हाळ्यांत माझा मुक्काम त्याच्याकडे झाला.

त्या प्रांतांत लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा एक खेळ आहे. घोड्यांची शर्यत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पुण्यामुंबईचीं मैदानें येतात. अंतर मैल-दीड मैलाचें आणि दोन-तीन मिनिटांत सारा निकाल. येथें अंतर ५० किंवा १०० मैलांचें, आणि वाट डोंगरदऱ्यांची. १९५५ सालीं ऑबर्न गांवच्या वेन्डेल रॉबी नांवाच्या गृहस्थानें कांहीं सोबत्यांसह ताहो सरोवराच्या बाजूनें निघून ऑबर्नपर्यंतचे १०० मैल एका दिवसांत घोड्यावरून काटले. त्यांतून जी दौड सुरू झाली ती आज टेव्हिस चषक या नांवानें ओळखली जाते. २४ तासांच्या आंत जो धडधाकट घोड्यानिशीं पोहोंचेल त्या प्रत्येकाला रुप्याचें बक्कल मिळतें. मात्र निघालेल्यांपैकीं पुष्कळदां निम्मेच शेवटास जातात. १९६४ पासून हॅगिन चषक नांवाचें आणखी एक पारितोषिक आहे. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांना दुसऱ्या दिवशीं सकाळीं तपासून ज्याची प्रकृति सर्वांत उत्तम त्याला तें देतात. कित्येक जाणकार स्वार पहिल्या क्रमांकापेक्षां याच चषकाला अधिक मानतात.

या खेळाचा खरा न्यायाधीश घड्याळ नव्हे, पशुवैद्य होय. वाटेंत ठरावीक मजलांवर पशुवैद्य उभे असतात. विश्रांत घोड्याची नाडी मिनिटास ३० ते ४० च्या आसपास असते. दौडींत ती पुष्कळ चढते. परंतु मजलेवर पोहोंचल्यावर ठराविक अवधींत ती बहुधा ६० किंवा ६४ पर्यंत उतरलीच पाहिजे, नाहीं तर घोडा तेथेंच बाद होतो. मग हिरडी अंगठ्यानें दाबून रक्त किती लवकर परततें तें पाहतात, मानेची कातडी चिमटींत धरून अंगांतील पाण्याचा अंदाज घेतात, पोटाला नळी लावून आंतड्यांची गुरगुर ऐकतात, आणि दुडक्या चालीनें पळवून लंगडेपणा तपासतात. एक युक्ति तर मला फारच आवडली. नाडी मोजावयाची, सव्वाशें फूट नेऊन परत आणावयाचें, आणि पहिल्या पावलापासून बरोबर एक मिनिटानें पुन्हां मोजावयाचें. दुसरा आंकडा पहिल्याइतका किंवा कमी आला तर ठीक; चढला तर घोडा थकला आहे, मग तो तोंडानें कितीही उमेद दाखवो.

माझ्या नातीला या खेळाचें वेड शाळेंत असतांना लागलें. जवळच्या एका बाईंच्या तबेल्यांत ती रोज शेण काढी, वैरण घाली, खरारा करी. त्याच्या मोबदल्यांत तिच्या घोड्याला तेथें जागा मिळाली. घोडा अरबी रक्ताचा, वर्ण तांबूस, वय तीन वर्षें. तिनें त्याचें नांव ठेविलें तांबू. पहिल्यानें पाहिला तेव्हां मला तो अगदींच हडकुळा वाटला. परंतु त्या बाईंनीं सांगितलें कीं, जाड मांसल घोड्याच्या अंगांत उष्णता कोंडून राहते. सडपातळ घोडा ती लवकर बाहेर टाकतो, म्हणूनच लांबच्या वाटेला तो टिकतो. नलाचा सारा अश्वविवेक एका वाक्यांत उलगडला!

मीं समजत होतों कीं आतां ही पोर खोगीर घालून रपेटीला निघेल. तसें कांहींच झालें नाहीं. पहिले कित्येक महिने ती त्याला नुसती हातीं धरून चालवी: ओढ्यांतून, पुलावरून, मोटारींच्या बाजूनें. रात्रभर एका जागीं बांधून राहणें, अनोळखी पात्रांतून पाणी पिणें, परक्या घोड्यांच्या घोळक्यांत न बुजणें, पाय उचलून खूर साफ करूं देणें, हे त्याचे पहिले धडे. दौडींत लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात. तसली फीत तांबूला लागूं नये, एवढीच तिची पहिल्या वर्षाची महत्त्वाकांक्षा होती. हिवाळा तोंडावर आला तेव्हां हलकें खोगीर चढलें, तेंही केवळ कदमचालीपुरतें. नियम एकच: एका वेळीं अंतर वाढवावें किंवा वेग वाढवावा, दोन्ही कधींच नव्हे, आणि चढण म्हणजे वेगच समजावा. कष्टाच्या दिवसानंतर विसाव्याचे दिवस ठरलेलेच.

हा संथपणा कां, याचें कारण शरीररचनेंत आहे. नियमित मेहनतीनें घोड्याचें हृदय आणि स्नायु थोड्या महिन्यांतच तयार होतात. स्नायुरज्जु, सांध्यांचे बंध आणि हाडें यांना मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. शिवाय कोंवळ्या हाडांच्या टोंकांशीं वाढीचा जो मऊ थर असतो तो सर्व ठिकाणीं एकदम पक्का होत नाहीं. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचा सुमारें अडीच वर्षांच्या वयांत होतो. पाठीचे मणके, ज्यांवर स्वाराचा भार येतो, ते सर्वांत शेवटीं, पांच-सहा वर्षांचे सुमारास. म्हणजे चार वर्षांचा घोडा छातीनें तयार आणि पाठीनें कच्चा असा असतो. त्याला पळावेंसें वाटतें, कारण दम आहे. हाड मात्र मोडेपर्यंत बोलत नाहीं. १९७२ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन एन्ड्यूरन्स राइड कॉन्फरन्स या संस्थेनें म्हणूनच वयाची अट घातली आहे: ५० मैल वा अधिक अंतराला घोडा पुरत्या ६० महिन्यांचा हवा, २५ ते ३५ मैलांच्या लहान दौडीला ४८ महिन्यांचा. टेव्हिसला तर ७२ महिने लागतात.

याच अटीनें नातीसमोर पेंच उभा केला. तांबूला चार वर्षें एप्रिलमध्यें झालीं, आणि ऑगस्टमध्यें तिला शिक्षणासाठीं दूरच्या गांवीं जावयाचें होतें. ५० मैलांची दौड पुढच्या एप्रिलपर्यंत शक्य नव्हती. एका परिचितानें सल्ला दिला कीं हा विकून आठ-नऊ वर्षांचा तयार घोडा घ्यावा. ज्याच्यावर दोन उन्हाळे राबलीस त्याचें फळ दुसऱ्याच कोणाला मिळणार. ती म्हणाली, "मला दौड हवी आहे, पण याच्याबरोबर हवी आहे." अखेर जूनमधील २५ मैलांची एक दौड ठरली. त्या अंतराला विश्रांतीसह सहा तास मिळतात. जाण्यापूर्वींची तिची ती एकच संधि होती.

दौडीच्या दिवशीं पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन मजलेवर उभें राहण्याचें काम माझ्याकडे आलें. शाकुंतलांत दुष्यंत आश्रमांत शिरण्यापूर्वीं सारथ्याला घोड्यांच्या पाठी भिजवून ठेवावयास सांगतो. तें स्थळ मीं वर्षानुवर्षें शिकविलें होतें, आतां स्वहस्तें करावयाचा योग आला. सुमारें १५ मैल झाल्यावर दोघे आलीं. मानेवर, छातीवर पाणी शिंपडलें. दहा मिनिटांत नाडी ५८ वर आली. चालींत दोष नव्हता. पशुवैद्यानें फक्त एवढेंच म्हटलें कीं आंतड्यांची गुरगुर एका बाजूस मंद आहे. कागदावर पुढें जाण्यास परवानगी दिली.

तांबूनें पाणी प्यालें, पण वैरणीला तोंड लावलें नाहीं. नातीनें गवताची मूठ त्याच्या ओठाशीं धरली. त्यानें हुंगून मान फिरविली. अर्ध्या तासाची विश्रांति संपत आली. बाकीचे स्वार रिकिबींत पाय घालूं लागले, तसा तोही कान टवकारून त्यांच्या दिशेनें ओढूं लागला. राहिलेले १० मैल बहुतेक उताराचे होते.

"आजोबा, तुम्हांला काय वाटतं?" तिनें विचारलें.

मीं म्हटलें, "बाळ, मला घोड्यांतलं कळत नाहीं. वैद्य काय म्हणाले, तें तूं ऐकलंस. तो काय सांगतो आहे?"

ती बराच वेळ त्याच्या कुशीला कान लावून उभी राहिली. मग म्हणाली, "त्याला जायचं आहे. पण तो खात नाहीं. पोट बंद झालेल्या घोड्याला उन्हांत आणखी दहा मैल न्यायचे नाहींत." तिनें खोगिराचा पट्टा सोडला आणि स्वतः जाऊन अधिकाऱ्याकडे नांव काढून घेतलें. अधिकाऱ्यानें कागदावर शिक्का मारला. त्याच्या दृष्टीनें तें रोजचेंच होतें. या खेळांत स्वेच्छेनें थांबणाऱ्याचा एक स्वतंत्र रकाना असतो. तिच्या नांवापुढें मात्र आतां कोणतीच पुरी केलेली दौड नव्हती, आणि तिच्या हातीं दिवस नव्हते. परततांना गाडींत ती खिडकीबाहेर पाहत होती. समजूत घालण्याचा मीं प्रयत्न केला नाहीं. तिनें केलें तें बरोबर होतें हें तिला ठाऊक होतें; परंतु जें योग्य तें गोडच लागतें असें नाहीं.

संध्याकाळीं सांवलींत तांबूनें वैरण खाल्ली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीनें त्याला सरळ रेषेंत दुडकावलें, चारी पाय चांचपले, पोट ऐकलें. सर्व कांहीं यथास्थित होतें. कोणीं पाहणारें नव्हतें आणि बक्कलही नव्हतें; तथापि हॅगिन चषकासाठीं होते ती परीक्षा याहून निराळी नाहीं.

ती गेली. तबेल्याच्या त्या बाई तांबूला आठवड्यांतून तीनदां डोंगरावर फिरवितात आणि सुटींत नात घरीं आली म्हणजे लगाम तिच्या हातीं देतात. एप्रिलमध्यें तो ६० महिन्यांचा होईल. पण पांचव्या वर्षींही पहिली दौड २५ मैलांचीच करावयाची, असें तिनें लिहिलें आहे. पहिला ५० मैलांचा पल्ला तो गांठील तेव्हां खोगिरावर ती असेल कीं दुसरें कोणी, हें आज सांगतां येत नाहीं. हें ठाऊक असूनही तिनें त्याचीं हाडें सांभाळलीं.

ज्यांना तरुण घोडा घेऊन या वाटेला लागावयाचें असेल त्यांच्यासाठीं मीं पाहिलेलें सार इतकेंच आहे: दम लवकर येतो, हाड उशिरां येतें, आणि जनावराची उमेद ही त्याच्या शक्तीची पावती नव्हे. ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें केव्हां थांबावें हें ठरविण्याचा भार स्वारावर असतो. घोडा चालावयास शिकतो तो वर्षभरांत. स्वार हें थांबणें शिकला म्हणजेच त्याची सुरुवात झाली असें समजावें.