तार

फजरच्या नमाजनंतर मदनपुऱ्यातल्या दादांच्या हॉटेलात निहारीसाठी गर्दी व्हायची. नळी रात्रभर मंद आचेवर शिजे. कालच्या डेगेतली वाटीभर निहारी आजच्या डेगेत पडायची. दादा तिला ‘तार’ म्हणत.

मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. बैलाचं मांसही गेलं. म्हशीच्या मांसाला मुभा होती, पण ती निहारी दादांच्या नावावर विकणं अब्बांना पटेना. त्यांनी शटर ओढलं.

यंदा मी ते उघडलं, म्हशीच्याच मांसावर. अब्बांनी चव घेतली. ‘ही ती नाही,’ म्हणाले. खरंच आहे. पण बंद शटरमागे तर कुठलीच चव नव्हती!

पहिल्या रात्री डेगेत टाकायला कालचं काहीच नव्हतं. सकाळी शेवटच्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, आणि वाटीभर निहारी झाकून ठेवली.