बाप कुठे गेला? शिकागोच्या एका रस्त्यावर

शिकागोच्या मध्यभागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेड लाईनच्या गाडीने आम्ही ४७ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरलो. जवळच स्टेट स्ट्रीट. या रस्त्यालगत १९६२ मध्ये पुऱ्या झालेल्या सोळा मजली २८ सरकारी इमारती होत्या. नाव रॉबर्ट टेलर होम्स. राहणारी जवळजवळ सारी कुटुंबे कृष्णवर्णीय व गरीब. २००७ पर्यंत सर्व इमारती पाडल्या. आता कुठे नवी घरे, कुठे नुसते गवत.

अशा वस्त्यांवरून अमेरिकेत जुना वाद आहे. १९६५ मध्ये डॅनियल मॉयनिहान या सरकारी अधिकाऱ्याने अहवाल लिहिला. गुलामगिरीने आणि बेकारीने कृष्णवर्णीय कुटुंब मोडले, बाप घरातून गेला, म्हणून दारिद्र्य हटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे स्वतःचे वडीलही घर सोडून गेले होते. पण पुष्कळांनी त्यातून एवढेच उचलले, की या लोकांचे बापच बेजबाबदार.

बाप गेला खरा. पण त्याला घालवले कोणी? सरकारी मदत घेणाऱ्या आईच्या घरी पुरुष आढळला, की अनेक राज्यांत मदत बंद होई. त्यासाठी रात्री-अपरात्री झडत्या होत. अलाबामाचा असा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केला. शिकागोतला जनावरांचा प्रचंड बाजार १९७१ मध्ये बंद पडला, सरोवराकाठचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये. गिरणी बंद पडली की घराचे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यातच १९८६ च्या अमली पदार्थांच्या कडक कायद्याने असंख्य बाप तुरुंगात गेले.

याच दक्षिण भागातल्या चर्चमध्ये २००८ च्या पितृदिनी बराक ओबामांनी बापांना कर्तव्याची आठवण दिली. तेही वडिलांविना वाढलेले. काहींना ते पटले, काहींना लागले.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लाखो मुलांची माहिती तपासली. सारख्याच मिळकतीच्या घरांत वाढूनही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्यांपेक्षा कमी कमावतात. आईबाप दोघे घरी असले तरी. म्हणजे सारा दोष बापावर टाकता येत नाही. मात्र कमी गरिबीच्या ज्या वस्तीत कृष्णवर्णीय बाप अधिक संख्येने घरी असतात, तिथले मुलगे पुढे बरे निघतात; स्वतःचा बाप घरी नसलेलेसुद्धा!

परतताना संध्याकाळ झाली होती. एक गृहस्थ चार पोरांना हात धरून रस्ता ओलांडून देत होते. पलीकडे जाताच दोघे एका दारात शिरले, दोघे दुसऱ्या. गृहस्थ चौघे आत जाईपर्यंत रस्त्यावरच उभे होते.